मधे धर, कडेला सोड

आमच्या गॅरेजमध्ये बांधलेला कॅम्पिंगचा ट्रेलर पाच फूट रुंद, साधारण नऊ फूट लांब आणि आतून जेमतेम चार फूट उंच आहे. आत दोघांची गादी आणि पायाशी मुलीपुरती आडवी फळी. मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि सगळ्यात बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा. लाकूडकाम मला थोडंफार येत होतं, पत्र्याचं काम मात्र बांधता बांधता शिकलो, आणि लिहायचं आहे ते मुख्यतः त्याच्याबद्दल. असा ट्रेलर बांधायची इच्छा असलेले मित्र घरी येतात, पत्र्यावरून हात फिरवतात आणि हमखास विचारतात, "चिकटवला कशाने?" तो चिकटवलेला नाही. कडांना धरून ठेवला आहे, आणि हलायला जागा ठेवली आहे. ही एक गोष्ट नीट समजली की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. मोटारींच्या धंद्यामुळे इथे पुण्या-चिंचवडकडची बरीच कुटुंबं आहेत, आमचंही त्यातलंच. इथला उन्हाळा छोटा आणि फार सुंदर असतो. त्या थोड्या महिन्यांत सगळ्यांना उत्तरेला, मोठ्या तळ्यांच्या काठी जायचं असतं. आम्ही बरीच वर्षं तंबू घेऊन गेलो. पण लेक सुपीरियरच्या काठावर रात्री पाऊस लागला की तंबू, पांघरुणं, मुलीचे कपडे, सगळंच ओलं, आणि सकाळी ते तसंच गुंडाळून गाडीत कोंबायचं. तयार मोठे ट्रेलर ओढायला ट्रक लागतो. आमच्याकडे मिनीव्हॅन. तिची ओढायची मर्यादा 3,500 पौंड, म्हणजे साधारण 1,590 किलो. तेवढ्यात निम्म्याहून जास्त मोकळीक ठेवून बसेल असं काही हवं होतं, म्हणून टिअरड्रॉप, म्हणजे बाजूने थेंबासारखा दिसणारा छोटा ट्रेलर.

हा प्रकार जुना आहे. 1930 च्या दशकात अमेरिकेत लोक घरच्या घरी असे ट्रेलर बांधू लागले, आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर हौशी कारागिरांच्या मासिकांतून त्यांचे नकाशे छापून येऊ लागले. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं नातं तर थेट विमानांशी आहे. हॉली बोलस हा ग्लायडर बांधणारा माणूस. चार्ल्स लिंडबर्गच्या 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' विमानाच्या बांधणीवर त्याची देखरेख होती. त्याने 1934 मध्ये विमानासारखा रिव्हेट मारलेला ॲल्युमिनियमचा ट्रेलर बाजारात आणला. वॅली बायम यांच्या एअरस्ट्रीमचा 1936 चा 'क्लिपर' त्याच घडणीवरून आला. रस्त्यावर चकाकणारे ते चंदेरी ट्रेलर आजही ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला बनतात. त्याबद्दल पुढे सांगतो.

चासिस मी विकत घेतली. वेल्डिंग येत नसेल तर इथे काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण हायवेवर सगळा भार शेवटी तिच्यावरच असतो. रबराच्या टॉर्शनवर चालणारा 2,000 पौंडांचा ॲक्सल, नळीच्या लोखंडाची चौकट आणि निर्मात्याचं प्रमाणपत्र सोबत मिळालं. पुढे नोंदणीच्या वेळी त्या कागदाने बरीच धावपळ वाचवली. चासिसच्या वरच्या बाजूला रंगाचा जादा हात दिला आणि जमिनीचं प्लायवूड बसवलं. या जमिनीखाली टिकाऊ म्हणून औषध पाजलेलं लाकूड वापरायचा मोह होतो. तो टाळावा. त्या औषधात तांबं असतं, आणि ओल आली की तांबं शेजारच्या ॲल्युमिनियमला खायला लागतं. त्याऐवजी साधं प्लायवूड घेऊन त्याला थिनरने पातळ केलेलं पॉलियुरेथेन व्हार्निश पाजलं. पहिला हात इतका पातळ द्यायचा की लाकूड तो पिऊन टाकेल, आणि मग प्रत्येक हात थोडा जाड. प्लायच्या कडा तर पिऊ देतील तितकं पाजाव्यात, कारण पाणी शिरतं ते कडेतून.

दोन्ही बाजूंच्या भिंती पाऊण इंची बर्च प्लायच्या. पूर्ण भरीव ठेवल्या तर वजन वाढतं, म्हणून नकाशा काढून मधले चौकोन कापून काढले आणि त्या पोकळ्यांत गुलाबी फोमचे तुकडे बसवले. या फोमची उष्णता रोखण्याची ताकद इंचाला आर-5 धरतात. छताला आडव्या पट्ट्या, मधे इंचभर फोम, वरून-खालून पातळ प्लाय. पातळ प्लाय कपाळाच्या वळणावर सहज वाकतो, फक्त कुठल्या दिशेने वाकतो ते विकत घेतानाच दुकानात दाबून पाहावं. हे काम आमच्याकडे हिवाळ्यावर आलं. सुतारकामाचा साधा गोंद आठ-दहा अंशांच्या खाली नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा पांढरा पडतो. म्हणून चिकटवायची कामं त्या-त्या दिवशी हीटर लावून, आणि कापाकापीची कामं कडाक्याच्या दिवसांत. लाकडाबद्दल एवढंच.

पत्रा निवडताना दुकानात मिश्रधातूंचे तीन-चार आकडे समोर येतात आणि माणूस गोंधळतो. मी 3003-एच14 घेतला. या मिश्रणात सव्वा टक्क्याच्या आसपास मँगनीज असतं. एच14 म्हणजे अर्धा कडक: छताच्या वळणावर न कुरकुरता वाकतो, आणि बोट दाबलं तर लगेच खड्डाही पडत नाही. 5052 मध्ये मॅग्नेशियम असतं, तो खाऱ्या हवेला अधिक चांगला आणि थोडा महागही. समुद्राकाठी राहणाऱ्याने तोच घ्यावा. 6061 सांगाड्याच्या कोनांना उत्तम, पण घट्ट वळणावर त्याला चिरा जातात. जाडी 0.040 इंच घेतली, म्हणजे एक मिलिमीटरला किंचित वर. पाच बाय दहा फुटांचं अख्खं पान तेरा किलोच्या आत भरतं. एकट्याने सहज उचलता येतं आणि एकट्याने मुळीच उचलू नये, कारण ते मधे मुडपलं की ती घडी परत कधीच सपाट होत नाही. बाजूंसाठी अशी पानं आली, छतासाठी पाच फूट रुंदीचा पत्रा गुंडाळीतून आला. गुंडाळीची पट्टी कापताना समोर कोणी उभं राहू नये. ती जोरात उलगडते आणि कड सुरीसारखी असते. हातमोजे आणि चष्मा या कामात शेवटपर्यंत अंगावर असावेत.

त्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बॉडी बांधायच्या विभागात होते. पुढे एसटीने माइल्ड स्टीलच्या बॉडी सुरू केल्या, पण बाबांची सगळी नोकरी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर गेली. विमानतळावरून घरी आल्यावर चहा झाला आणि ते गॅरेजमध्ये आले. भिंतीला टेकवलेल्या पानाच्या कोपऱ्यावरचं निळं प्लास्टिक त्यांनी नखाने जरासं उचललं, पत्र्याला टिचकी मारून आवाज ऐकला आणि विचारलं, "याला ठेवणार कसा?"

मी म्हणालो, "बाबा, इकडे बरेच लोक कॉन्टॅक्ट सिमेंटने सबंध चिकटवतात. दिसायला एकदम सपाट येतो."

"गॅरेजात सपाट येईल. उन्हात काय होतंय ते बघितलंस का?"

आम्ही बघायचं ठरवलं. प्लायवूडच्या दोन उरलेल्या फळ्या घेतल्या, प्रत्येकी चार फूट लांब. एकीवर पत्रा पूर्ण चिकटवला, रोलर फिरवून हवा काढली. दुसरीवर पत्रा नुसता ठेवून चारी कडांवर पट्ट्या स्क्रूने दाबल्या, पत्र्यातली भोकं स्क्रूपेक्षा मोठी ठेवून. दोन्ही फळ्या जुलैच्या उन्हात ड्राइव्हवेवर उताण्या ठेवल्या. दुपारी रोज होजने पाणी मारायचं, रात्री तिथेच. आठवड्याच्या आतच चिकटवलेल्या फळीवर मधोमध तळहाताएवढा फुगवटा आला. दाबला की टक् करून बाजूला सरकायचा, आणि संध्याकाळी थंड झाल्यावर अर्धवट बसायचा. दुसरी फळी होती तशी होती. फक्त सकाळी ऊन अंगावर आलं की पट्टीखालून बारीक टिक-टिक आवाज यायचा. बाबा खुर्ची टाकून ऐकत बसायचे. "सरकतोय," म्हणायचे. "सरकू दे."

कारण साधं आहे. ॲल्युमिनियमचा दहा फुटांचा पत्रा मिशिगनच्या उणे वीस अंशांपासून उन्हात तापलेल्या साठ अंशांपर्यंत गेला, तर त्याच्या लांबीत साडेपाच मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. खालचं प्लायवूड उष्णतेने जवळजवळ वाढतच नाही. दोघांना गोंदाने एकत्र बांधलं की दर ऊन-सावलीला ते एकमेकांना खेचत राहतात, आणि गोंदाचा सगळ्यात कच्चा ठिपका सुटतो. तिथे फुगवटा येतो, फुगवट्याखाली ओल बसते, आणि आतलं लाकूड कुजायला लागतं ते बाहेरून कळत नाही. बाबांना हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होतं ते असं: "पत्रा मधे धर, कडेला सोड. वाढला तर दोन्हीकडे सारखा वाढेल."

ते आम्ही शब्दशः केलं. दोन्ही बाजूंना मधोमध दार येतं. दाराची ॲल्युमिनियमची चौकट पत्रा आणि भिंत यांना पकडून बसते, म्हणून ती झाली मधली पकड. छतावर हे काम पंख्याच्या चौदा इंची चौकटीने केलं. बाकी सगळ्या कडांना स्क्रू 4.2 मिलिमीटरचे आणि पत्र्यातली भोकं 8 मिलिमीटरची, स्क्रू भोकाच्या बरोबर मध्यावर. वरून पट्टी येते, त्यामुळे मोठं भोक दिसत नाही. गोंदाचा एक थेंबही बाजूंच्या पत्र्याखाली नाही.

त्याच काळात आम्ही जॅक्सन सेंटरला एअरस्ट्रीमचा कारखाना बघून आलो. डेट्रॉइटहून तीन तासांच्या आतली वाट आहे, आणि लोकांना आत नेऊन काम दाखवतात. पत्र्याचं कवच उभं असतं. एक कामगार बाहेरून न्यूमॅटिक हातोड्याने रिव्हेट मारतो, दुसरा आतून पोलादाचा ठोकळा धरून उभा असतो. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. आवाज आणि ठोक्यावरून दोघांचं चालतं. बाबा थबकले. "अरे, ही डॉली! आम्हीही अशीच धरायचो." वाटाड्याला मी ते इंग्रजीतून सांगितलं. बाबांनी नोकरीत बसच्या बॉडी बांधल्या आहेत हे कळल्यावर त्याने बाबांशी हात मिळवला आणि पुढचा सगळा वेळ त्यांनाच पुढे घेऊन चालला. परतीच्या वाटेवर गाडीत बाबा बराच वेळ बोलत होते, जोडीदार नवखा असला की रिव्हेटचं डोकं कसं तिरकं बसतं, चांगला असला की हाताला कसा ताणच येत नाही, त्यांच्या पहिल्या उस्तादाने ठोक्यांचा आवाज ऐकून आतला माणूस कोण ते कसं ओळखलं. हे सगळं मी पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं.

आमच्या घरापासून जवळच यिप्सिलांटीला विलो रन आहे. युद्धकाळात फोर्डने तिथे बी-24 बॉम्बर विमानं बांधली, एकूण 8,685. ऐन भरात तासागणिक एक विमान बाहेर पडायचं. रिव्हेट मारणाऱ्या कामगारांत हजारो बायका होत्या. 'रोझी द रिव्हेटर' हे नाव तेव्हापासून जगभर गेलं, आणि त्या नावाशी जोडली गेलेली रोझ विल मन्रो याच कारखान्यात काम करायची. मुलीला मी तिथे घेऊन गेलो तेव्हा ती बाबांना म्हणाली, "आजोबा, तुमच्यासारखंच!" आजोबांनी मान हलवली.

आमच्या ट्रेलरवर मात्र रिव्हेट फार थोडे आहेत. पत्र्याखाली लाकूड असेल तर स्क्रूच बरा, कारण उद्या पट्टी काढून आतलं पाहता येतं. रिव्हेट फक्त चाकांवरच्या मडगार्डना आणि मागच्या झाकणाच्या कोनांना मारले, जिथे धातूवर धातू येतो. तिथे विमानवाले वापरतात त्या क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या खुंट्या आणल्या. भोक पाडलं की खुंटी घालायची, पुढचं भोक पाडायचं. सगळी भोकं जुळली की एकेक खुंटी काढून तिथे रिव्हेट. आठवा इंच भोकाची खुंटी तांबूस रंगाची असते, त्याहून बारीक भोकाची रुपेरी. डब्यात मिसळल्या तरी डोळ्याने वेगळ्या करता येतात. हे अवजार बाबांना इतकं आवडलं की जाताना मी त्यांच्या बॅगेत मूठभर दिल्या.

कापणीबद्दल सांगायलाच हवं, कारण लोक इथे कात्री घेऊन बसतात आणि कड सुरकुतवून घेतात. पत्रा भिंतीवर थोडा मोठाच ठेवून कडांवर लाकडी पट्टी आणि शिकंज्याने दाबायचा. मग छोट्या राउटरला खाली बेअरिंग असलेलं पातं लावायचं. बेअरिंग प्लायच्या कडेवर फिरतं आणि पातं तेवढाच पत्रा कापत जातं. पात्याला अधूनमधून मेण घासायचं, नाहीतर ॲल्युमिनियम वितळून दातांत भरतं. बारीक गरम चुरा सगळीकडे उडतो, कॉलरच्या आत जातो. मग कानस हलक्या हाताने एकाच दिशेने. बाबांनी कड नखावर ओढून बघायची सवय लावली: नख अडकलं तर परत कानस. वरचं निळं प्लास्टिक शेवटपर्यंत ठेवायचं, पण उन्हात नाही. उन्हात ते भाजून पत्र्याला असं धरतं की तुकड्या-तुकड्यांनी सोलावं लागतं.

बसवण्याचा क्रम पाणी ठरवतं. आमच्या कोकणातल्या घराच्या कौलांसारखं आहे, वरचं नेहमी खालच्यावर यायला हवं. म्हणून आधी बाजूंचे पत्रे, ते भिंतीच्या कडेला बरोबर कापून घेतले. मग छताचा सबंध एकच पत्रा, पुढच्या नाकापासून वर चढून मागच्या बिजागरीपर्यंत, मधे कुठेही सांधा नाही. शेवटी त्या कोपऱ्यावर दोन्ही पत्र्यांना झाकणारी एल आकाराची पट्टी, खाली ब्यूटिलची, म्हणजे पाणी रोखणारी चिकट रबरी टेप. छत चढवायच्या दिवशी महाराष्ट्र मंडळातले मित्र आले होते. सप्टेंबरमधली सौम्य हवा होती, ना कडक ऊन ना थंडी, मुद्दाम तसा दिवस निवडला. पत्रा नाकाच्या टोकाला धरला, हळूहळू वर सरकवला आणि खालच्या बाजूने सामान बांधायचे रॅचेट पट्टे टाकून दोन्ही टोकांनी ओढत गेलो. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सपाट तळव्याने मधून कडेकडे दाबत जायचं. पत्रा वळणावर बसला तो क्षण आवाजावरून कळतो. आधी पोकळ ढमढम वाजणारा पत्रा एकदम मुका होतो.

ब्यूटिल टेप आणि साधी पुट्टी टेप दुकानात शेजारी-शेजारी असतात आणि दिसतातही सारख्या. पुट्टी काही वर्षांत सुकून चिरते. ब्यूटिल चिकट आणि ताणता येणारं राहतं, म्हणजेच सरकणाऱ्या पत्र्याबरोबर सरकतं. आमच्या सगळ्या रचनेला तेच हवं होतं. स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. पहिल्या दिवशी बेताने, मग काही दिवसांनी ब्यूटिल बसलं की परत, आणि बाहेर आलेला मसाला प्लास्टिकच्या पट्टीने कापून टाकायचा. सिलिकोन मी बाहेर कुठेही वापरलं नाही. एकदा लावलं की त्याचा पातळ थर कायमचा राहतो, आणि त्यावर पुढचं काहीही नीट चिकटत नाही, नवीन सिलिकोनसुद्धा.

मागचं झाकण हा टिअरड्रॉपचा सगळ्यात अवघड भाग. ते वळणदार असतं, हलकं हवं, आणि छताशी त्याचा सांधा पावसाच्या थेट खाली येतो. त्यासाठी ॲल्युमिनियमची एक खास बिजागरी मिळते, तिला हरिकेन हिंज म्हणतात. पाच फूट लांब दोन नळीदार पट्ट्या, एकमेकींत बाजूने सरकवून अडकवायच्या. मधे खिळा नाही, फट नाही, पाणी वरून वाहून जातं. पाणी शिरतं ते तिच्या दोन टोकांना. म्हणून भिंतीच्या कडेला झाकणाच्या आतून एक पन्हळ ठेवली, रबराची पोकळ पट्टी तिच्या आतल्या बाजूला. टोकातून आलेलं पाणी पन्हळीत पडतं आणि खाली बंपरपाशी बाहेर जातं. हे केल्यावर मी आत टॉर्च घेऊन बसलो आणि बायकोने बाहेरून होज धरला, बिजागरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश. पन्हळीतून पाणी वाहताना दिसलं, ओटा कोरडा राहिला. झाकणाच्या फासळ्या प्लायचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून, वळणाच्या साच्यात दाबून केल्या होत्या. साच्यातून काढल्यावर त्या थोड्या उघडतात, म्हणून साच्याचं वळण मुद्दाम जरा जास्त ठेवलं होतं.

इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, म्हणून दोन धातूंचा स्पर्श हा विषय गंभीरपणे घ्यावा लागला. लोखंडी चासिसवर ॲल्युमिनियमची कड थेट टेकली आणि मधे खारं पाणी आलं, तर ॲल्युमिनियम आधी झिजतं. जिथे जिथे दोघं भेटतात तिथे रंग, त्यावर ब्यूटिल, आणि बोल्टला नायलॉनचे वॉशर. स्क्रू स्टेनलेसचे. ते छोटे असतात आणि पत्रा मोठा, त्यामुळे त्रास कमी होतो, तरी प्रत्येकाच्या आट्यांना लॅनोलिनचं मलम लावलं.

विजेचं काम थोडक्यात. चार तारांचा चपटा प्लग: पांढरी अर्थ, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावीकडचा इंडिकेटर आणि ब्रेक, हिरवी उजवीकडचा. आत 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पंखा, दिवे आणि फोनला पुरून उरते. ती शून्याखाली चार्ज करायची नसते, म्हणून हिवाळ्यात घरात येते.

नोंदणीआधी वजन करावं लागलं. खडी विकणाऱ्या यार्डातल्या काट्यावर 1,160 पौंड भरले, म्हणजे साधारण 526 किलो. पुढच्या दांड्याचा भार 135 पौंड, एकूण वजनाच्या साडेअकरा टक्क्यांच्या वर. हा भार दहा ते पंधरा टक्क्यांत असायला हवा. कमी असेल तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो, आणि ते फार धोक्याचं असतं. स्वयंपाकघर मागे असल्यामुळे टिअरड्रॉप मागे जड व्हायची सवय असते. आम्ही बॅटरी आणि पाण्याचा डबा पुढे नेऊन हा तोल साधला. मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबरप्लेट कायमची मिळते, दरवर्षी नूतनीकरण नाही. काट्याची पावती आणि चासिसचं प्रमाणपत्र देऊन काम एका फेरीत झालं.

पहिला मोठा प्रवास अर्थात उत्तरेला. मॅकिनॉ पूल 1957 चा, साधारण आठ किलोमीटर लांब, आणि वर वारा आडवा लागतो. आम्ही वेग कमी ठेवून उजवीकडून गेलो, आरशात ट्रेलर सरळ रेषेत मागे येत होता. पिक्चर्ड रॉक्सला पोहोचलो त्या रात्री लेक सुपीरियरवरून पाऊस आला. चार फूट उंचीखाली पत्र्यावरचा पाऊस किती मोठा वाजतो याची कल्पना नव्हती, पण फोममुळे तो ढोल न वाजता दाट सरीसारखा ऐकू आला. मुलगी झोपूनच राहिली. सकाळी मी सगळ्या कडा हाताने चाचपल्या. बाहेरचं पाणी कुठेही आत नव्हतं. आतलं मात्र होतं: तीन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर दाराच्या काचेवर आणि उघड्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर जमली होती. तेव्हापासून थंडीतही पंखा मंद चालू आणि एक खिडकी बोटभर उघडी ठेवतो. हवा आत यायला आणि बाहेर जायला दोन्ही वाटा लागतात, नुसता पंखा पुरत नाही. आणि शेगडी कधीही आत पेटवायची नाही, पाऊस असो की थंडी. कार्बन मोनॉक्साइडचा गजर उशाशी लावलेला आहे.

लोक विचारतात, पॉलिश का नाही केला, आरशासारखा? जुन्या एअरस्ट्रीमला ती चकाकी येते कारण विमानाच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. 3003 घासला तरी थोडी धुरकट झाक राहते. शिवाय हवेत त्याच्यावर आपोआप जो थर चढतो तोच त्याचं रक्षण करतो. आमचा ट्रेलर आता मंद राखाडी झाला आहे. बाजूला बारीक खरवडे आहेत, डाव्या मडगार्डवर खडीचे ठिपके आहेत. मला तो तसाच आवडतो.

देखभाल वसंतात, बर्फ गेल्यावर. साबणाच्या पाण्याने मीठ धुऊन काढायचं, चाकाच्या बेअरिंगला ग्रीस, हरिकेन हिंजच्या नळीत मेणाचा फवारा, आणि पट्ट्यांमधली प्लास्टिकची झालर काढून प्रत्येक स्क्रू बोटाने तपासायचा. यंदा उजव्या दाराच्या वरचे दोन स्क्रू किंचित सैल लागले, म्हणून तेवढी पट्टी काढून पाहिली. खालचं प्लायवूड कोरडं होतं, आणि 8 मिलिमीटरच्या भोकात स्क्रूने एका बाजूला घासल्याची चकचकीत रेघ उमटली होती. तिचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचा लगेच व्हिडिओ कॉल आला, फोन पट्टीजवळ धरायला लावला आणि विचारलं, "दुसरीकडची रेघ किती आहे? ती पण मोज." मोजली, जवळपास सारखी भरली. नवीन ब्यूटिल घालून पट्टी परत बसवली.